सतरंजीचे धागे

पुण्यातील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि आमच्या रोबोटिक्स संघाचा मार्गदर्शक म्हणून काम पाहतो. आमची मुले 'फर्स्ट टेक चॅलेंज' या स्पर्धेसाठी रोबो तयार करतात. सुरुवातीला १८ इंचांच्या घनात मावणारा हा रोबो म्हणजे निम्मेच काम असते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली ती मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाची ओढ लागावी म्हणून. त्यामुळे संघाने इतरांपर्यंत काय पोहोचवले हेही परीक्षक पाहतात आणि त्याचा हिशेब १५ पानांच्या अहवालात द्यावा लागतो. हा हिशेब हळूहळू डोकी मोजण्यावर आला आहे आणि ते मला मनापासून खटकते.

गेल्या डिसेंबरात आम्ही जुन्नर तालुक्यातील एका शाळेत प्रात्यक्षिकासाठी गेलो. सहावी ते दहावीची १८० मुले ओळीने बसली होती. स्पर्धेच्या मैदानावर फोमच्या लाद्या असतात. त्या नेणे जमण्यासारखे नव्हते, म्हणून शाळेने दिलेली सतरंजी अंथरली. रोबोला कोणी हात लावू नये यासाठी भोवती दोरी बांधायला मीच सांगितले होते.

आमच्या रोबोला मेकॅनम चाके आहेत. त्यांच्या परिघावर ४५ अंशांत तिरके रोलर बसवलेले असतात आणि कर्णावरची दोन चाके एका दिशेने व उरलेली दोन उलट दिशेने फिरवली की रोबो तोंड न वळवता खेकड्यासारखा आडवा सरकतो. हे साधण्यासाठी मुलांनी दोन महिने खर्ची घातले होते; चारही चाकांवर सारखा भार यावा म्हणून बॅटरीची जागा तीनदा बदलली होती. त्या दिवशी मात्र रोबो आडवा सरकण्याऐवजी स्वतःभोवती फिरू लागला आणि पाहता पाहता मागचे एक चाक कुरकुरत थांबले. सतरंजीचे सुटे धागे रोलरच्या आसांभोवती घट्ट गुंडाळले गेले होते.

आमची कर्णधार चिमटा शोधू लागली. तो पुण्यातच राहिला होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतली आठवीची एक मुलगी दोरीखालून आत आली आणि केसांतला आकडा काढत म्हणाली, "ताई, मी काढू का? आईच्या शिलाई मशीनमध्ये दोरा अडकला की मीच काढते." तिला थांबवण्यासाठी माझा हात पुढे झाला होता. कर्णधाराने मात्र बॅटरीची जोडणी काढली आणि चाक तिच्याकडे वळवले. त्या मुलीने एकही धागा ओढून तोडला नाही. प्रत्येक रोलर बोटाने उलटा फिरवत ती आधी धाग्याचे टोक शोधी, ते आकड्याने वर उचली आणि मग वेढा वेढा उकलत नेई. एवढ्या सबुरीने चाक साफ करताना मी आमच्या संघातही कोणाला पाहिलेले नाही.

मग तिने विचारले, "हे रोलर तिरके कशासाठी?" कर्णधाराने पाठ केलेले उत्तर सुरू केले, पण समोरचा चेहरा पाहून ती थांबली. तिने एक बाक मोकळा करून घेतला, दोन टोकांना दोन मुली उभ्या केल्या आणि एकीला पुढे-तिरके, दुसरीला मागे-तिरके ढकलायला सांगितले. पुढचा-मागचा जोर एकमेकांत जिरला आणि बाक सरळ आडवा सरकला. तोवर नऊ मुले दोरीच्या आत आली होती. उरलेली उभी राहून पाहू लागली, तेव्हा एका शिक्षकांनी त्यांना दरडावून खाली बसवले.

त्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकावे यासाठी केंद्र सरकारच्या योजनेतून उभारलेली प्रयोगशाळा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. तिथला थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकच्या आवरणाखाली होता आणि स्क्रूंची पाकिटे न फोडलेली होती. "काही मोडले तर डेड स्टॉक रजिस्टरला काय लिहू?" असे प्रभारी सरांनी विचारले. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही, कारण शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंद ठेवणारे तसले रजिस्टर मीही भरतो आणि सकाळची दोरीही माझीच होती. वस्तू न वापरता पडून राहिली तर कोणी जाब विचारत नाही, वापरताना मोडली तर मात्र खुलासा द्यावा लागतो, या व्यवस्थेचा मला संताप येतो.

परतल्यावर कर्णधाराने अहवालाचा मसुदा दिला. 'किती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलो' या ओळीसमोर तिने १८० खोडून ९ लिहिले आहे. इतर संघ हजारांचे आकडे देतील, परीक्षकांना हा आकडा नगण्य वाटेल, हे मी तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि आकडा तसाच ठेवला. अहवाल उद्या पाठवायचा आहे आणि मसुदा अजून माझ्या टेबलावर आहे.