फिटनेसचा कागद आणि दंडाचा पट्टा

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं, तरी त्या खोलीतला बीपी मोजायचा निळा पट्टा आठवला की अजून डोकं तापतं.

मी शहर बसचा ड्रायव्हर आहे, १९ वर्षं स्टेअरिंगवर. वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, आणि तेव्हा वजन ९४ किलो. फिटनेसच्या तपासणीत डोळे, रक्त, लघवी एका सकाळी उरकलं. अडलं ते बीपीवर.

खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. जिने चढून गेलो, रांगेत उभ्यानेच चहा घेतला आणि लगेच नंबर लागला. शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. तो दंडाला पुरेना. हवा भरली की चिकटपट्टी टर्रकन सुटायची. शेवटी तिथल्या माणसाने तो हाताने दाबून धरला. १६८/१०४. “अनफिट. आठ दिवसांनी या.”

आठ दिवसांनी १६४/१०२. त्यानंतर १६०/१००. दर वेळी तीच खोली, तोच पट्टा, तसाच हाताने दाबलेला. आणि पुन्हा अनफिट निघालो तर काय, ही धास्ती वेगळीच. फिटनेस नाही म्हणून गाडी नाही. २६ दिवस घरी बसलो, हक्काची रजा संपली, ओव्हरटाइम बुडाला. मुलाची फी त्याच महिन्यात होती. “पट्टा लहान पडतोय” असं मी दोनदा म्हणालो. “पट्ट्याचं काय, वजन बघा तुमचं,” एवढंच उत्तर.

मग घराजवळच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी आधी पाच मिनिटं गप्प बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. मग शिंप्याची टेप काढून दंड मोजला. ३८ सेंटिमीटर. म्हणाल्या, साधा पट्टा साधारण ३४ सेंटिमीटरपर्यंतच्या दंडाला चालतो, त्यापुढे मोठा लागतो, लहान पट्ट्याने बीपी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. चहा, जिने आणि धास्ती यांनी आणखी चढतं. मोठ्या पट्ट्याने माझं आलं १४२/९०.

म्हणजे बीपी होतंच, हे मी लपवत नाही. बाईंनी गोळी सुरू केली, आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून वहीत लिहायला लावलं, आणि दंडाचं माप टाकून चिठ्ठी दिली.

चौथ्या खेपेला चिठ्ठी बघितलीच नाही. “बाहेरचा कागद चालत नाही.” मी जागेवरून हललो नाही. म्हणालो, “साहेब, कागद राहू द्या, दंड मोजा.” मागे रांग खोळंबली, तेव्हा कुणीतरी कपाट उघडलं. मोठा पट्टा तिथेच होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा न मोडलेला. १३६/८६. फिट.

कपाट माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होतं.

तिथे मला कुणीतरी हे आधीच सांगायला हवं होतं: तपासणीच्या अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको, लघवी करून जा, अर्ध्या बाहीचा शर्ट घाला आणि पट्टा बांधलेला असताना बोलू नका.

आता वजनाचं. तिथून आहाराचा छापील कागद मिळाला होता, नाश्ता ८ ला, जेवण १ ला. पहिल्या पाळीची माझी गाडी पहाटे साडेपाचला डेपोतून निघते, ८ ला मी सिग्नलवर असतो. तो कागद बाजूला ठेवला आणि बायकोने नि मी आमचं गणित बसवलं. पहाटे एक भाकरी आणि उसळ, १० च्या सुमाराला टर्मिनसवर वडापावऐवजी डब्यातली काकडी आणि चणे. दिवसाला सात चहा व्हायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. ते दोनवर आणले, तेही बिनसाखरेचे. दुसऱ्या पाळीत रात्री साडेबाराला भात खाऊन झोपायचो, त्याऐवजी संध्याकाळच्या ब्रेकला जेवतो. हे सगळ्यात जड गेलं. पाणीही मी मुद्दाम कमी प्यायचो, कारण टर्मिनसवर मुतारी नाही. ती आजही नाही.

डॉक्टर बाईंनी लंडनच्या डबलडेकरची गोष्ट सांगितली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली छापलं होतं की बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पुढे त्यांनी युनिफॉर्मच्या पँटींची मापंही तपासली, ड्रायव्हरांची कंबर आधीपासूनच मोठी निघाली. मला लगेच माझा कंडक्टर आठवला. आम्ही एकाच साली लागलो, त्याची कंबर ३२, माझी ४२. आता फेरी संपली की आम्ही दोघं गाडीभोवती दहा मिनिटं चालतो. दिवसाला चार फेऱ्या, म्हणजे चाळीस मिनिटं. तासभर व्यायामाला वेळ मिळेल याची वाट बघत बसलो असतो तर काहीच झालं नसतं.

सात महिन्यांत ८४ किलो झालो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ होता, तो ५.६ वर आला. गोळी चालू आहे, बंद करायची की नाही ते बाई ठरवतील.

डेपोतल्या एका पोराची तपासणी सोमवारी आहे. काल त्याचा दंड मी टेपने मोजला, ३९ भरला. मी सोमवारची रजा टाकली आहे, त्याच्याबरोबर जाणार. कपाट कुठलं ते मला माहीत आहे.