शेवटच्या दोनशे मीटरचे कोडे

अर्ध मॅरेथॉनचे २१.०९७५ किलोमीटर दोन तासांच्या आत पूर्ण करायचे, तर प्रत्येक किलोमीटर सुमारे ५ मिनिटे ४१ सेकंदांत धावावा लागतो. हा हिशेब मला तोंडपाठ होता, आणि तरीही लागोपाठ तीन शर्यतींत सोळाव्या किलोमीटरच्या फलकापाशी माझे पाय जड झाले, श्वास तुटू लागला आणि मी चालू लागले. तिसऱ्या शर्यतीनंतर तर आपली कुवत एवढीच, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते.

तो निकाल माझ्याच सरावाच्या वहीने खोटा ठरवला. तिन्ही शर्यतींच्या नोंदी शेजारी ठेवून वाचताना लक्षात आले की, सोळाव्या किलोमीटरला गळून गेलेली मी, अंतिम रेषा दिसताच शेवटचे दोनशे मीटर प्रत्येक वेळी त्या दिवसातील सर्वाधिक वेगाने धावले होते. अंगात त्राण उरले नव्हते, तर ही ताकद आली कुठून?

हाच प्रश्न दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञ टिम नोक्स यांनीही विचारला आहे, हे नंतर वाचनात आले. शरीराला इजा पोहोचण्याच्या बऱ्याच आधी मेंदू लगाम खेचतो आणि शेवट दृष्टिपथात आला की तो सैल सोडतो, असे त्यांचे म्हणणे. याबाबत शास्त्रज्ञांत एकमत नाही. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंनी कर्बोदकयुक्त द्रावणाने केवळ चूळ भरून ते थुंकून टाकले, तरी सुमारे तासाभराच्या चाचणीतील त्यांची कामगिरी जवळजवळ ३ टक्क्यांनी सुधारली. पोटात काहीच गेले नव्हते. रसद येत आहे एवढी खूण मेंदूला मिळाली होती. हे वाचून मला जो धीर आला, तो आजवर कोणाच्याही प्रोत्साहनाने आला नव्हता.

अर्थात सगळे खापर मनावर फोडणे योग्य झाले नसते. पहिले पाच किलोमीटर मी उत्साहाच्या भरात ५ मिनिटे २० सेकंदांच्या वेगाने काढत असे, आणि त्याची किंमत पुढे चुकवावीच लागे. म्हणून मी आठवड्याची बहुतेक धाव बोलता येईल इतक्या संथ वेगाने करू लागले आणि लांब पल्ल्याच्या दिवशी शेवटचे चार किलोमीटर मुद्दाम शर्यतीच्या वेगाने धावू लागले, म्हणजे दमलेल्या पायांनी वेग धरण्याची सवय व्हावी. मध्यंतरी नडगीच्या हाडावर एकाच जागी दुखू लागले, तेव्हा तीन आठवडे धावणे पूर्ण बंद ठेवले. जिद्दीच्या नावाखाली असे दुखणे अंगावर काढणे मला आजही चुकीचे वाटते. थकवा सर्वांगात पसरतो आणि वेग जरा कमी केला की हटतो. एका जागी टोचणारी आणि चाल बदलायला लावणारी वेदना मात्र ऐकलीच पाहिजे. हा फरक ओळखायला मला त्या तीन आठवड्यांनी शिकवले.

चौथ्या शर्यतीत सोळाव्या किलोमीटरचा फलक दिसला आणि ‘आता थांबावे’ हा विचार ठरल्या वेळी आलाच. त्याला परतवण्याच्या खटपटीत न पडता मी अंगाची तपासणी केली. नडगी ठीक होती आणि पावले सरळ पडत होती. डावी मूठ मात्र इतकी आवळली होती की नखे तळव्यात रुतली होती. मी बोटे उघडली, खांदे खाली सोडले आणि पुढचे शंभर श्वास मोजले. शंभर झाले की पुन्हा एकपासून. सतराव्या किलोमीटरचा फलक गेला, तेव्हा मी त्र्याहत्तरावर होते. अठराव्यानंतर मांड्या खरोखरच पेटल्या होत्या, पण त्या चालत होत्या, आणि मला तेवढेच हवे होते.

अंतिम रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात १ तास ५८ मिनिटे ४१ सेकंद झाले होते. त्या संध्याकाळी वहीत वेळेच्या खाली मी आणखी एक ओळ लिहिली, आणि ती लिहिताना डोळे भरून आले : ‘शेवटचे २०० मीटर – प्रयत्न केला, वेग वाढला नाही.’