आमची वाटचाल : १ सर्व्हर, १४ ग्राहक

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, त्या आठवड्यात मी आणि माझा मावसभाऊ खिशात पेन ड्राइव्ह घेऊन सांगलीभर मोटारसायकल फिरवत होतो. तेव्हा धंद्याची रीत साधी होती. ग्राहकाच्या ऑफिसात पीसी बसवायचा, त्यावर हिशोबाचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर टाकायचं, अडलं की जायचं. हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, कुपवाड एमआयडीसीतले मशीन शॉपवाले, असे ग्राहक.

ऑगस्ट २०१९ च्या पुराने ती रीत मोडली. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. ओसरल्यावर एका ग्राहकाच्या तळमजल्यावरून आम्ही पीसी बाहेर काढला, तर कॅबिनेटमधून गाळ ओघळत होता. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. तीन वर्षांची खाती आम्ही पुन्हा कागदी बिलांवरून भरली, त्यातलीही निम्मी बिलं भिजलेली. त्या दिवाळीपर्यंत आम्ही ठरवून टाकलं की यापुढे डेटा ग्राहकाच्या इमारतीत ठेवायचा नाही.

मग ईआरपीनेक्स्ट घेतलं, हिशोब, स्टॉक आणि बिलं एकाच जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, मुक्त स्रोत असलेलं. प्रत्येक ग्राहकाला क्लाउडवर वेगळा छोटा सर्व्हर दिला. ९ ग्राहक, ९ सर्व्हर, ९ भाडी. चाललं बरेच दिवस. पण १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं झालं आणि आमचे बरेच ग्राहक एकदम त्या कक्षेत आले. तेच अपडेट प्रत्येक सर्व्हरवर वेगळं चढवायचं. एकावर पायथॉन जुनं, दुसऱ्यावर डिस्क भरलेली, तिसऱ्यावर आम्हीच कधीतरी हाताने केलेली दुरुस्ती, जिची नोंद कुठेच नव्हती. पाच रात्री जागलो. सहाव्या दिवशी डॉकर शिकायला बसलो. सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, घालून चालवायचं ते साधन.

सगळ्यांना एकाच मोठ्या सर्व्हरवर आणायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न तासगावकडच्या आमच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्या आण्णांनी विचारला. "अहो, सगळ्यांचं एकाच मशीनवर? मग माझा दर शेजारच्याला दिसंल की!" मी त्यांना त्यांच्याच चेंबरमध्ये नेलं. तिथे शंभर शेतकऱ्यांचा बेदाणा एकाच थंडाव्यात असतो, पण प्रत्येक बॉक्सवर लॉट नंबर आणि मालकाची पावती वेगळी. "आण्णा, कॉम्प्रेसर एक आहे म्हणून माल मिसळतो का?" त्यांना पटलं. मलाही त्या दिवशी आमचं काम नीट मांडता आलं.

कारण इथे एक गैरसमज हमखास होतो. प्रत्येक ग्राहकाला एक कंटेनर, असं लोकांना वाटतं. आमच्याकडे तसं नाही. कंटेनर कामागणिक आहेत : एक वेब विनंत्या घेणारा, एक पुढचा एनजिनएक्स, जो बाहेरून आलेली विनंती आत पोचवतो, एक सॉकेटचा, म्हणजे स्क्रीनवर ताजे बदल लगेच दाखवणारा, रांगेतली छोटी कामं उरकणारा वेगळा, लांबलचक कामांचा वेगळा, शिवाय वेळापत्रक सांभाळणारा. ग्राहक वेगळे होतात ते डेटाबेसने. प्रत्येक साइटचा, म्हणजे प्रत्येक ग्राहकाच्या ईआरपीनेक्स्टचा, मारियाडीबी या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा डेटाबेस, त्याचा स्वतःचा युजर आणि पासवर्ड, फाइलींचं स्वतःचं फोल्डर. विनंती कुठल्या डोमेनवरून आली ते पाहून साइट उघडते. म्हणूनच एखाद्याने वर्षाअखेरीला पाच वर्षांचा स्टॉक रिपोर्ट लावला की लांब कामांच्या रांगेत बाकीच्यांना थांबावं लागतं. असा एक मोठा ग्राहक आम्ही कंटेनरच्या स्वतंत्र संचावर हलवला. त्याचं भाडं जास्त आहे, आणि ते त्याला आधी समजावून सांगितलं होतं.

मावसभाऊ एकदा चालू कंटेनरमध्ये शिरून मराठी बिलाचं अॅप टाकून आला. दुसऱ्या दिवशी कंटेनर नव्याने उभा केला आणि अॅप गेलं. तेव्हापासून अॅप इमेजमध्येच, म्हणजे ज्या साच्यातून कंटेनर उभा राहतो त्यातच, बांधायचं, आवृत्तीचा टॅग लावायचा, आत शिरून काही करायचं नाही. नवी आवृत्ती आली की शेजारी दुसरा संच उभा करतो आणि साइट तीन-चारच्या गटाने तिकडे नेतो.

सगळ्यात महाग धडा मात्र बॅकअपचाच होता, पुन्हा. एका रात्री डिस्क बिघडली. आम्ही नव्या जागी साइट उभी केली आणि बॅकअप चढवला. खाती जुळली, फाइली आल्या. पहाटे ग्राहकाचा फोन आला की गाडी गेटवर भरून उभी आहे आणि ई-वे बिल निघत नाही. ई-वे बिल म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवरून काढायचा कागद, त्याशिवाय एवढ्या मालाची गाडी हलवता येत नाही. स्क्रीनवर एन्क्रिप्शन की चुकीची असल्याचा संदेश. साठवलेले पासवर्ड साइटच्या कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइलमधल्या किल्लीने बंद केलेले असतात. आम्ही डेटाबेस आणि फाइली रोज बाहेर पाठवत होतो, ती चार ओळींची फाइल नव्हतो पाठवत. नव्या साइटने नवी किल्ली बनवली होती आणि जुने पासवर्ड तिला उघडेनात. ग्राहकाकडून पोर्टलचे पासवर्ड पुन्हा मागून भरले, तोवर सव्वानऊ वाजले होते. ड्रायव्हर चार तास केबिनमध्ये बसून होता. त्याची माफी मागायला मी स्वतः गेलो.

आता कॉन्फिग फाइलही रोज जाते, पण डेटाबेसच्या बॅकअपपासून वेगळ्या जागी, कुलूपबंद. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका ग्राहकाची साइट आम्ही रिकाम्या मशीनवर शून्यातून उभी करतो. कुणाची, ते चिठ्ठी काढून ठरतं. बिल छापून बघतो, मेल पाठवून बघतो, ई-वे बिलाच्या खात्याचा पासवर्ड उघडतो का तेही तपासतो.

मागच्या खेपेला आण्णांची चिठ्ठी निघाली. त्यांना बोलावून घेतलं. ४० मिनिटं खुर्चीत बसून राहिले, आणि त्यांच्या पहिल्या गिऱ्हाइकाची पावती स्क्रीनवर आली तेव्हा चष्मा वर करून लॉट नंबर स्वतः वाचला.