आमची वाटचाल : माळ्यावरून खाली

२००९ ला मी आणि माझा मेव्हणा, भाड्याचा छोटा हत्ती, एक ताणकाटा, एक चुंबक आणि सुतळीची बंडलं, एवढ्यावर आम्ही घरांतलं जुनं सामान उचलून विकायचं काम सुरू केलं. पुण्यात पेठांमधले वाडे पाडून बिल्डिंगी उठत होत्या, पाच खोल्यांचा संसार वन बीएचकेत बसवायचा म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. मिनिमलिझम वगैरे शब्द तेव्हा नव्हता आपल्याकडे, आम्ही आपलं "माळे उतरवून देतो" म्हणायचो.

पहिलं गिऱ्हाईक सदाशिव पेठेतल्या एक काकू. तांब्याचा बंब, दोन घंगाळं, बोहारणीकडनं साड्या देऊन घेतलेली स्टीलची भांडी, प्रत्येकावर काकांचं नाव कोरलेलं. बंब मोडीत घालायला जीव होईना त्यांचा. म्हटलं राहू दे, तसाच घेणारं कोणी मिळेपर्यंत आमच्या घरी ठेवतो. दोन महिने बाथरूममध्ये होता, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, पण विकला चांगला. पाटा मात्र काकूंनी दिला नाही, नवीन घरात मिक्सर असून नेला. पुढे त्यांच्याच ओळखीतनं अकरा घरं मिळाली.

मग २०१६. ८ नोव्हेंबर, मंगळवार. एका मोठ्या वाड्याचं सगळं सामान उचललेलं, पैसे रोख मोजून दिलेले, आणि दुसऱ्या दिवशी बुधवार म्हणजे जुना बाजार. रात्री आठला टीव्हीवर नोटबंदी. सकाळी मंगळवार पेठेत माल लावला तर घेणारा पाचशेचीच नोट पुढे करतोय, घेतली तर मेलो, नाही घेतली तरी मेलो. सागवानी फडताळ परत घरी आणलं आम्ही, हमालांना द्यायला सुट्टे नाहीत, मेव्हण्याने बहिणीची भिशी मोडून दिले. त्याच महिन्यात आमच्याकडे दोन वर्षं शिकलेला पोरगा गिऱ्हाइकांच्या नंबरांची डायरी घेऊन गेला आणि आता तो "मिनिमल लाइफ कन्सल्टंट" आहे, तासावर पैसे घेतो. घेवो बापडा. पण पितळ आणि पितळेचा मुलामा यातला फरक त्याला चुंबक लावून मीच दाखवला होता, हे कुठे सांगत नाही.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, फोटोंपासून सुरुवात करू नका, दिवस जातो आणि रडारड होते. आधी रिकामे डबे काढा. आणि रिकामे म्हणून न उघडता देऊ नका, आम्हाला एकदा डाळीच्या डब्यात मंगळसूत्र सापडलंय, परत केलं. मुलांना विचारत बसू नका, ती अमेरिकेतनं "ठेव गं आई" म्हणतात, ठेवायला जागा आईकडेच लागते.

मधली वर्षं बरी गेली, दुसरी गाडी आली.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन. आता फ्लॅटही सोडून लेकीकडे चालल्यात, एका खोलीत. म्हणाल्या, "बाकीचं तुला माहितीये रे, या वेळी पाट्याचं तेवढं बघ." रविवारी आठला गाडी लावायचीये.