सुरूच्या झाडांचा (कॅसुरिना) वारारोधक: मातृवृक्षांची निवड, दुसरी फेरी

14 मातृवृक्षांपैकी, म्हणजे ज्यांच्या छाटांपासून रोपं करायची त्या झाडांपैकी, 5 उरले. खांब-वाशांसाठी सुरू लावणारे खालच्या फांद्या आपोआप गाळणारं झाड पसंत करतात. आपल्याला नेमकं तेच नको. खाली उघडं पडलं की वारा बुंध्यांमधून जास्तच जोराने घुसतो. म्हणून आधी जमिनीपासून टिकलेल्या हिरव्या फांद्या, मग उंची, खोडाचा सरळपणा शेवटी. मोकळ्यात एकट्या उभ्या झाडावर भुलू नका. चहूबाजूंनी ऊन मिळालं की कुठलंही सुरू खालपर्यंत भरतं. तुलना एकाच वयाच्या, एकाच अंतरावरच्या ओळीतच करायची.

दाटी मोजायला ओळीचा आकाशासमोर फोटो घ्यायचा, काळा-पांढरा करायचा आणि पांढरा भाग मोजायचा. 40 ते 50 टक्के फट हवी. भिंतीसारखी दाट ओळ झाली तर वारा वरून उडी मारतो, पलीकडे भोवरे होतात आणि केळीची पानं तिथेच चिरतात.

रोपवाटिकेत हल्ली दुसरी जात आणि संकरही मिळतात, तेव्हा सुई सांध्यावर तोडून भिंगाखाली त्या सांध्यावरचे दात (बारीक खवल्यांसारखी पानं) मोजा. आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूला 6 ते 8, दुसऱ्या जातीला, म्हणजे जुंगुनियानाला, साधारण 9 ते 11.

छाट कोवळ्या शेंड्याची, 8-10 सें.मी. कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) लिटरला 1 ग्रॅम, त्यात 10 मिनिटं. मग बुडाला 2000 पीपीएम आयबीए (मुळं फुटायचं संप्रेरक) पावडर, आणि रूट ट्रेनरमध्ये (खोल कप्प्यांच्या ट्रेमध्ये) व्हर्मिक्युलाईट, म्हणजे ओल धरणारं हलकं खनिज. दमट पॉलिटनेलमध्ये (प्लास्टिकच्या बोगद्यात) तीनेक आठवड्यांत मुळं दिसतात. बूड काळं पडलं तर पाणी जास्त झालंय. सुया वरून वाळल्या तर टनेल उघडं राहिलंय. म्हाताऱ्या झाडाची छाट मुळं धरायला कुरकुरते. आधी फांदी छाटून नवे धुमारे काढा, त्यांचीच घ्या. आडव्या फांदीची छाट लावली तर रोप तिरकं वाढू शकतं.

पिशवीत बदलताना फ्रँकिया, म्हणजे सुरूच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र देणारा जिवाणू, द्यायचाच. जुन्या निरोगी सुरूच्या मुळांवरच्या गाठी धुऊन, ठेचून, ते पाणी बुंध्याशी. झाडाखालची माती आणून टाकणं सोपं, पण तिच्याबरोबर रोगही येतो.

जूनमध्ये पश्चिमेच्या बांधावर दोन ओळी, त्रिकोणी मांडणी: झाडांत 1.5 मीटर, ओळींत 2 मीटर. पाचही क्लोन (एकेका मातृवृक्षाच्या छाटांची रोपं) मिसळून. एकाचीच ओळ लावली आणि रोग आला तर अख्खा बांध जातो.

क्लोनचा नंबर पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई टनेलच्या ओलाव्यात उडते. ट्रे 3 असाच बिननावाचा झाला, तो आता कुंपणाला.