सोलापुरात एक्झोरा लावला, आणि मग माती तपासायला गेले (माझा अनुभव)

माती परीक्षणाच्या फॉर्मवर 'पीक' असा एक रकाना असतो. त्या रकान्याने माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं झाडांनीही खाल्लेलं नाही, म्हणून आज सगळं लिहून काढते, कुणाला उपयोग झाला तर झाला.

माझं माहेर रत्नागिरीचं. तिथे एक्झोरा, म्हणजे आमच्याकडचं पेंडगुळ, कुणी मुद्दाम वाढवत नाही, ते वाढतं. जांभ्याच्या गडग्याला टेकून बारा महिने हिरवंगार आणि वर लालभडक गुच्छ, खत नाही की फवारणी नाही. सासर सोलापूर. रो-हाऊसच्या पुढे कंपाउंडच्या कडेने वीस फूट लांब, दोन फूट रुंद पट्टा होता, तिथे एक्झोराचं बुटकं कुंपण करायचं ठरलं. रोपं आणली, दीड दीड फुटावर लावली, शेणखत घातलं, सगळी जगली, पहिला बहरही मस्त आला. इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

पावसाळा सुरू झाला आणि शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली. नुसती पिवळी नाही, पान पिवळं आणि शिरा हिरव्या, जाळी काढल्यासारखी. पुढे नवीन पान निघतानाच फिकट, जवळजवळ पांढरं. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत हिरवी. शेजारच्या काकू म्हणाल्या युरिया टाक. नर्सरीवाला म्हणाला पाणी जास्त होतंय. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या सल्ल्याने निदान नुकसान तरी काही झालं नसतं. मला युरियाचं पटेना, कारण नत्र कमी पडलं की आधी जुनी पानं पिवळी पडतात आणि इथे उलटं होतं. म्हटलं अंदाज बास झाले, माती तपासून घेऊ, सरकारी सोय आहेच की.

तर सोय. नमुना कसा घ्यायचा ते आधी सांगते कारण ते मी नीट केलं होतं आणि तेवढंच माझ्या हातात होतं. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, साधारण वीत-सव्वा वीत खोल, कडेची माती वरून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यायची, अशी पट्ट्यातल्या वेगवेगळ्या जागांवरून, सगळी एकत्र करायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत करत अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची. लोह तपासायचं असेल तर गंजकं खुरपं वापरू नका, लाकडी काठी किंवा प्लास्टिकचं काहीतरी घ्या. खताच्या रिकाम्या गोणीत तर अजिबात नेऊ नका.

माती परीक्षण प्रयोगशाळेच्या काउंटरवर फॉर्म मिळाला. गट नंबर, सातबारा, एकूण क्षेत्र हेक्टरमध्ये, कोरडवाहू की बागायत, मागील हंगामातील पीक, पुढील हंगामातील पीक. माझ्याकडे काय, सिटी सर्व्हे नंबर आणि प्रॉपर्टी कार्ड. क्षेत्र चाळीस चौरस फूट. ते हेक्टरमध्ये लिहायचं म्हणजे दशांश चिन्हानंतर शून्यांची रांग, मी लिहिली तशी, तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले मॅडम हे कॉम्प्युटर घेत नाही. मग सातबारा नाही तर खातेदार कोण? मग घराच्या बागेसाठी वेगळी फी, ती भरायचं चलन दुसऱ्या खिडकीत, ती खिडकी जेवणाच्या सुट्टीनंतर. परत आले तर पीक काय लिहू? म्हटलं एक्झोरा. ते यादीत नाही. शोभेचं झुडूप लिहा. तेही नाही. फुलझाडं? गुलाब, शेवंती, निशिगंध, झेंडू आहेत, यातलं कुठलं? मी म्हटलं यातलं कुठलंच नाही. ते म्हणाले मग कसं करायचं, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं काही ही अडचण मी घरून डब्यात घालून आणली होती. शेवटी साहेबांना विचारून येतो म्हणून आत गेले ते बराच वेळ आतच.

त्या रांगेत माझ्यामागे एक काका उभे होते, माळशिरसकडचे, उसाची माती घेऊन आलेले. मी फांदी बरोबर नेली होती, ती त्यांनी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, ताई, हा केवडा पडलाय की. उसाला पडतो, भुईमुगाला पडतो, चुनखडीच्या रानात पाऊस लागून बसला की हमखास. लोह द्या. एवढं बोलून फांदी परत दिली आणि पुढे सरकले. झालं निदान, फी शून्य.

पण नमुना दिला होता, म्हटलं आता रिपोर्ट येऊ दे. (पीक शेवटी 'डाळिंब' लिहिलं गेलं. मी सही केली, कारण बस चुकली असती.) मेसेज येईल म्हणाले. मेसेज आला नाही. फोन केला तर मशीन बंद. पुन्हा केला तर मशीन चालू आहे पण गॅस संपलाय. मला वाटलं चेष्टा करतात, पण लोह, जस्त, तांबं, मंगल (मँगनीज) मोजायचं ते यंत्र ॲसिटिलीन गॅसच्या ज्योतीवर चालतं, गॅस नाही तर सूक्ष्म अन्नद्रव्यं नाहीत, हे खरं आहे. इकडे बागेत शेंडे करपायला लागले आणि तिकडे टाकी येईना. नवरा म्हणाला सोड ना आता, काकांनी सांगितलंय तर देऊन टाक लोह. पण मी फी भरलीये! तत्त्व म्हणून मी रोज सकाळी चहा झाला की फोन लावायचे, पुढे पुढे तर पलीकडून "एक्झोरा मॅडम का?" असं विचारायला लागले.

रिपोर्ट आला तो डाळिंबाच्या शिफारशीसकट, हेक्टरी इतका नत्र, इतकं स्फुरद. सामू (पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब कमी, लोह ४.५ पीपीएम पाहिजे ते ३ च्या आसपास. आणि काका म्हणाले ती चुनखडी मातीत किती ते, म्हणजे मुक्त चुना, त्याचा रकानाच नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. मुक्त चुना त्यात नाही, तो वेगळा सांगावा लागतो, हे मला आधी कुणी सांगितलं नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा चलन, पुन्हा ती जेवणाची सुट्टी. आकडा आला १२ टक्के.

तुम्ही हे सगळं टाळू शकता. चमचाभर वाळलेली माती बशीत घ्या, वर व्हिनेगर टाका. फसफसलं की चुना आहे. व्हिनेगरने काही दिसलं नाही तर बाथरूमच्या ॲसिडचा एक थेंब, जपून, बाहेर उघड्यावर आणि हातमोजे घालून. आमच्याकडे तर सोडा फोडल्यासारखं झालं. हे करायला सातबारा लागत नाही.

१२ टक्क्यांचा अर्थ काय ते सांगते, कारण सगळे म्हणतात गंधक टाका, लिंबाची सालं टाका, चहाचा चोथा टाका, माती आंबट होईल. वीस बाय दोनचा पट्टा एक फूट खोल धरला तर माती साधारण दीड टन. त्यात चुना पावणेदोनशे किलो. १०० किलो चुना मारायला ३२ किलो गंधक लागतं, म्हणजे मला पंचावन्न किलोच्या वर गंधक एवढ्याशा जागेत ओतावं लागलं असतं, आणि झाडांचं काय झालं असतं ते वेगळंच. चहाच्या चोथ्याचं तर बोलूच नका. जिप्समही देतात दुकानदार, त्याने चुनखडीच्या मातीचा सामू उतरत नाही. जमिनीत लोह असतंच हो, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. रत्नागिरीत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, चुना धुऊन गेलेला, माती आम्लधर्मी. सोलापुरात त्याच्या पाव भागही पाऊस नाही, चुना जिथल्या तिथे. त्यात कंपाउंडच्या पायाशी बिल्डरने पुरलेलं सिमेंट आणि प्लास्टरचं डबर.

हां, छाटणीचं मध्येच आठवलं. एक्झोराला फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, तेव्हा माळी दर पंधरवड्याला कात्री फिरवून चौकोनी ठोकळा करत असेल तर गुच्छ विसरा. बहर संपला की एकदाच छाटा.

आता लोह. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह; ईडीटीए, ईडीडीएचए ही त्या रसायनांची नावं) मागितलं की ईडीटीए १२ टक्के लोहाचं पाकीट पुढे येतं. ईडीडीएचए मागा, ते ६ टक्क्यांचं असतं आणि महागही, आणि दुकानदार तुम्हाला वेड्यात काढतो, "बारा सोडून सहा कशाला घेताय ताई?" तरी तेच घ्या, कारण एवढ्या सामूला ईडीटीए मातीत टिकत नाही, चुन्यापुढे हात टेकतं, ईडीडीएचए टिकतं. ईडीटीए किंवा हिराकस (फेरस सल्फेट) पानांवर फवारायला चालतं, हिराकस लिटरला ५ ग्रॅम आणि त्यात १ ग्रॅम लिंबूसत्त्व, ऊन उतरल्यावर. पण फवारणीने तेवढीच पानं हिरवी होतात, पुढच्या फुटीला परत फवारा. आणि फरशीवर उडालं तर तांबडे डाग, ते आमच्या पोर्चवर अजून आहेत. ईडीडीएचए मी झाडाला ५ ग्रॅमच्या हिशोबाने पाण्यात कालवून मुळाशी घातलं, संध्याकाळी, कारण उन्हात ते खराब होतं, आणि वरून लगेच पाणी. पाकिटावरचं प्रमाण बघूनच घाला. पुढची फूट हिरवी निघाली. त्या दिवशी मी फांदीचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला, माहेरच्या ग्रुपवर कुणी दादच दिली नाही, त्यांना काय, तिथे गडग्यावर उगवतं.

हे एकदा देऊन संपत नाही. मी पावसाळ्याच्या तोंडाशी आणि नंतर एकदा देते. बोअरचं पाणी जड असतं, तेही चुना आणतं, म्हणून जमेल तेव्हा पावसाचं किंवा एसीचं पाणी. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी मात्र बिलकुल नको, क्षार सगळे त्याच्यातच असतात.

एवढी कटकट नको असेल तर अशा जमिनीत एक्झोराचा नाद सोडा. कण्हेर छान होते, पण घरात लहान मूल किंवा गाय-वासरू असेल तर नको, ती अख्खी विषारी. आणि एक्झोराच हवा असेल तर मोठ्या कुंड्यांत, कोकणातून येणाऱ्या लाल मातीत. इथे 'लाल माती' म्हणून जी पोती मिळतात त्यांच्यावर आधी व्हिनेगर टाकून बघा, काही नुसता मुरूम असतो.

आणि तरीही कुणाला प्रयोगशाळेतच जायचं असेल तर मुक्त चुन्याचं पहिल्याच अर्जात लिहून द्या, चलनाची खिडकी जेवणाच्या सुट्टीआधी गाठा, गॅस आहे का ते फोन करून विचारा, आणि 'पीक' विचारलं तर न लाजता डाळिंब सांगा.