तुम्ही विचारलंत म्हणून : वराडकरांना माझे कितवे मत?

सांगलीला गेले की नातेवाइकांकडून, आणि इथे डब्लिनमध्ये गणेशोत्सवात भेटणाऱ्या मराठी मंडळींकडूनही, मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान होते, ते समलिंगी आहेत, त्यांच्या वडिलांचे कुटुंब मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. तुम्ही स्वतः समलिंगी, मराठी, आणि शिवाय राहता त्यांच्याच मतदारसंघात, तेव्हा तुमचे मत तर कायमचे ठरलेलेच असणार, नाही का? विचारणाऱ्याच्या स्वरात कौतुक असते आणि उत्तर 'हो' असेच येणार याची खात्रीही असते. माझे उत्तर 'नाही' असे आहे. नागरिकत्व मिळाल्यानंतर झालेल्या २०१६ आणि २०२० या दोन्ही निवडणुकांत वराडकर माझ्या मतपत्रिकेवर होते. एकदा मी त्यांना तिसरी पसंती दिली आणि एकदा चौथी. पहिली कधीच दिली नाही, आणि त्यांच्या नावापुढचा चौकोन कोराही कधी ठेवला नाही. असे का, ते नीट सांगायचे तर थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

आयर्लंडमध्ये मतदार एका नावापुढे फुली मारून मोकळा होत नाही. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात जशी पसंतिक्रमाने मते दिली जातात, तशीच इथे लोकसभेसाठी, म्हणजे डॉलसाठी, प्रत्येक सामान्य मतदार उमेदवारांना एक, दोन, तीन असे क्रमांक देतो. एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच जण निवडून येतात. ज्याला आवश्यक कोट्यापेक्षा जास्त मते मिळतात त्याची अधिकची मते, आणि जो तळाला राहून बाद होतो त्याची सगळी मते, पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. या पद्धतीमुळे निष्ठा म्हणजे काय याचा विचार मतदाराला फार बारकाईने करावा लागतो. मी कोणाची ऋणी आहे, कोणावर माझा विश्वास आहे, कोण फक्त चालण्यासारखा आहे आणि कोणाला मी काही झाले तरी मत देणार नाही, हे सगळे एकाच कागदावर उतरते. समलिंगी मतदार राजकारण्यांच्या कामगिरीची नोंद कशी ठेवतो, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला कागद मला माहीत नाही.

आता वराडकरांची नोंद पाहू. २०१० मध्ये समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाचा कायदा डॉलमध्ये आला, तेव्हा ते विरोधी बाकांवर होते. त्यांनी कायद्याला पाठिंबा दिला, पण त्याच चर्चेत प्रत्येक मुलाला आई आणि वडील दोघे मिळण्याचा हक्क आहे आणि राज्याने तो शक्यतो जपला पाहिजे, असेही सांगितले. त्या वेळी आपण समलिंगी आहोत हे त्यांनी जाहीर केलेले नव्हते. पुढे १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री असताना त्यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत ते जाहीर केले. चारच महिन्यांनी विवाह-समानतेवर सार्वमत होते. २२ मे २०१५ रोजी ६२.०७ टक्के लोकांनी होकार दिला आणि साऱ्या देशात रॉसकॉमन-साउथ लीट्रिम या एकाच मतदारसंघाने नकार दिला. पंतप्रधान झाल्यावर जून २०१८ मध्ये, १९९३ पूर्वी समलिंगी संबंधांसाठी शिक्षा झालेल्या पुरुषांची वराडकरांनी डॉलमध्ये राज्याच्या वतीने क्षमा मागितली. मी ते भाषण ऐकत असताना रडले होते, आणि त्याबद्दल मला आजही त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटते.

पण कृतज्ञता वाटणे आणि पहिली पसंती देणे या माझ्या मते वेगळ्या गोष्टी आहेत. जेव्हा बोलायला राजकीय किंमत मोजावी लागत होती तेव्हा कोण बोलले, हे मी आधी पाहते. या देशात तशी माणसे होती. डेव्हिड नॉरिस यांनी समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या आयर्लंडच्या कायद्याविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली आणि १९८८ मध्ये खटला जिंकला. त्यांच्या वकील होत्या मेरी रॉबिन्सन, ज्या पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्या. पक्षांचा विचार केला तर विवाहाचा प्रश्न सत्तेच्या टेबलावर आणला तो मजूर पक्षाने. २०११ मध्ये वराडकरांच्या फिन गेल पक्षाशी युती करताना हा विषय नागरिक आणि राजकारणी यांच्या घटनात्मक परिषदेकडे पाठवण्याचे त्यांनी पदरात पाडून घेतले, आणि २०१३ मध्ये त्या परिषदेच्या ७९ टक्के सदस्यांनी सार्वमताच्या बाजूने कौल दिला. तेव्हा फिन गेलचे नेते या विषयावर उघड भूमिका घेण्याचे टाळत होते.

मग मजूर पक्षाला त्याचे काय फळ मिळाले? २०११ मध्ये त्यांच्या ३७ जागा होत्या. सार्वमतानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, त्या ७ झाल्या. बँका बुडाल्यानंतर देशाने घेतलेल्या कर्जाच्या अटी, एकल पालकांच्या भत्त्यातली कपात, पाणीपट्टी, या सगळ्याचा राग मतदारांनी या पक्षावर काढला आणि त्या रागात समलिंगी मतदारही सामील होते. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी, ज्यांनी मे महिन्यात रस्त्यावर आनंदाने मिठ्या मारल्या होत्या, फेब्रुवारीत मजूर पक्षाला खालचा क्रमांक दिला. मी तसे केले नाही. आमच्या डब्लिन वेस्ट मतदारसंघात त्या पक्षाच्या नेत्या जोन बर्टन उभ्या होत्या, त्यांच्याच खात्याने २०१५ चा लिंगओळखीचा कायदा आणला होता, आणि त्या कायद्याने प्रौढ पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीला डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय, केवळ स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर, आपली ओळख नोंदवता येऊ लागली. विवाहाचे श्रेय घ्यायला सगळे पक्ष पुढे आले होते, पण या कायद्याच्या वेळी टाळ्या वाजवायला फारसे कोणी नव्हते. म्हणून माझी पहिली पसंती बर्टनबाईंना होती. त्या वर्षी त्या निवडून आल्या. २०२० मध्ये पराभूत झाल्या.

फिआना फॉइल पक्षाची गोष्ट याहून बोलकी आहे. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा कायदा १९९३ मध्ये रद्द झाला तेव्हा न्यायमंत्री त्यांच्या पक्षाच्या मॉयरा गेगन-क्विन होत्या. २०१० चा नागरी सहजीवनाचा कायदाही त्यांच्याच पक्षाच्या सरकारने केला. कागदावर पाहिले तर या पक्षाची नोंद भक्कम आहे. तरीही मी ज्या वर्तुळात वावरते तिथे या पक्षाला कोणी 'आपला' मानत नाही, कारण २०१५ मध्ये पक्षाने सार्वमताला औपचारिक पाठिंबा दिला आणि प्रत्यक्ष प्रचारात बहुतेक नेते दिसलेच नाहीत. निकालानंतर दोनच दिवसांनी त्यांच्या सिनेटर अ‍ॅव्हरिल पॉवर याच कारणासाठी टीका करून पक्षातून बाहेर पडल्या. कायदा कोणी केला यापेक्षा दारोदार कोण फिरले, हे लोकांच्या लक्षात राहते. दारोदार फिरणाऱ्याला शिव्या खाव्या लागतात आणि कायद्यावर सही करणाऱ्याला त्या खाव्या लागत नाहीत, त्यामुळे मला हा न्याय पूर्ण अयोग्य वाटत नाही.

आता आमच्या मतदारसंघाकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. २०२० मध्ये डब्लिन वेस्टमधून चार जण निवडून आले: शिन फेनचे पॉल डॉनली, फिन गेलचे वराडकर, फिआना फॉइलचे जॅक चेम्बर्स आणि ग्रीन पक्षाचे रॉडरिक ओगॉर्मन. डॉनली पहिल्याच फेरीत जिंकले आणि पंतप्रधान असलेल्या वराडकरांना पाचव्या फेरीपर्यंत थांबावे लागले. ओगॉर्मन समलिंगी आहेत हे तेव्हाही सर्वांना माहीत होते, आणि जानेवारी २०२४ मध्ये चेम्बर्स यांनीही आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. म्हणजे चार प्रतिनिधींपैकी तीन जण समलिंगी, तिघांचे पक्ष वेगळे. ज्या मतदाराला केवळ 'आपल्यातला' माणूस निवडायचा आहे त्याला या मतपत्रिकेने काहीच मदत होत नाही. त्याला घरभाड्याविषयी, रुग्णालयातल्या प्रतीक्षायादीविषयी, निर्वासितांविषयी कोणाचे काय मत आहे हे पाहावेच लागते. त्या निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचणीत ३२ टक्के लोकांनी आरोग्य आणि २६ टक्के लोकांनी घरे हा सर्वांत महत्त्वाचा विषय मानला होता. समलिंगी माणसांनाही घर लागते. किंबहुना ज्यांना आईवडिलांच्या घरात मोकळेपणाने राहता येत नाही अशा तरुणांना ते इतरांपेक्षा लवकर लागते, आणि डब्लिनमधली भाडी त्यांना परवडत नाहीत.

याचा अर्थ हक्कांबाबतची नोंद निरुपयोगी ठरते असे मात्र मुळीच नाही. ती नकार देताना सर्वांत जास्त कामाला येते. ज्यांनी २०१५ मध्ये आमच्या विवाहाविरुद्ध प्रचार केला आणि नंतरही आपले मत बदलल्याचे कधी सांगितले नाही, त्यांच्या नावापुढे मी कोणताही क्रमांक घालत नाही, मग त्यांची गृहनिर्माणाची योजना कितीही चांगली असो. ज्यांनी मत बदलले, त्यांच्यासाठी वाट मोकळी असते. वराडकरांचे २०१० चे भाषण मी विसरलेले नाही, पण त्यानंतरची त्यांची वाटचालही मी पाहिली, आणि स्वतःविषयीच्या भीतीतून बाहेर पडायला माणसाला किती काळ लागतो हे मला माझ्यावरून ठाऊक आहे. म्हणून त्यांना तिसरी पसंती.

आणि २०२० मध्ये चौथी का? २०१५ च्या एप्रिलमध्ये, सार्वमताच्या आधीच, मुले आणि कौटुंबिक नातेसंबंधांचा कायदा संमत झाला होता. दात्याच्या साहाय्याने मूल झालेल्या दोन स्त्रियांना, म्हणजे जन्म देणारी आई आणि तिची जोडीदार अशा दोघींना, पालक म्हणून मान्यता देणारी कलमे त्यात होती. ती कलमे प्रत्यक्ष अमलात आली मे २०२० मध्ये, निवडणूक होऊन गेल्यावर. मधल्या पाच वर्षांत माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत दुसरी आई कायद्याच्या दृष्टीने कोणीच नव्हती. शाळेच्या फॉर्मवर, पासपोर्टच्या अर्जावर, रुग्णालयात मुलाच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर तिची सही चालत नव्हती. त्या पाच वर्षांचा बराचसा काळ देशाचे पंतप्रधान स्वतः समलिंगी होते. विवाहाचा विजय साऱ्या जगाने पाहिला, पण अंमलबजावणीची अधिसूचना निघाली नाही हे पाहायला कोणी नव्हते. ते ज्यांना सोसावे लागले त्यांनीच लक्षात ठेवले आणि मतपत्रिकेवर उतरवले. मीही उतरवले.

भारतातून विचारणाऱ्यांना हा हिशेब कठोर वाटतो, आणि तसे का वाटते हेही मला समजते. तिथे मोजण्यासारखे काही नोंदलेच जात नाही. डिसेंबर २०१५ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ बदलण्याचे शशी थरूर यांचे खासगी विधेयक लोकसभेत केवळ मांडण्याच्या टप्प्यावरच ७१ विरुद्ध २४ मतांनी फेटाळले गेले. थरूर यांच्या पक्षाने २०१४ च्या जाहीरनाम्यात हाच विषय घेतला होता आणि सभागृहात त्या पक्षाचे चाळिसांहून अधिक खासदार होते, पण बाजूने सगळ्या पक्षांची मिळून मते पडली २४. एप्रिल २०२२ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांचा समावेश करणारे विधेयक मांडले, आणि बहुतेक खासगी विधेयकांप्रमाणे तेही मतदानापर्यंत पोहोचले नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा २०१८ चा आणि समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणारा २०२३ चा, असे दोन्ही मोठे निर्णय न्यायालयातून आले. ज्या देशात खासदाराला या विषयावर हात वर करावाच लागत नाही, तिथे मतदाराजवळ निष्ठा जोखण्यासाठी भाषणे उरतात आणि कोण कुणाचा नातलग, कोण कुठल्या गावचा एवढेच उरते. २०१९ च्या डिसेंबरात वराडकर वराडला आले तेव्हा गावाने त्यांचे मनापासून स्वागत केले, त्याचे फोटो पाहून मला आनंद झाला. त्याच गावातल्या एखाद्या समलिंगी मुलाला त्याच्या आमदाराने या विषयावर काय केले हे विचारायचे असेल, तर त्याच्या हाती कोणता कागद आहे, हा प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्या मनात आहे.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत वराडकर उभेच नव्हते. ओगॉर्मन होते, आणि त्यांच्या पक्षाच्या १२ जागांपैकी केवळ त्यांचीच वाचली. २०२० मध्ये त्यांना मी पहिली पसंती दिली होती. त्या वर्षीच्या सरकारच्या कार्यक्रमात समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींना 'बरे' करण्याच्या तथाकथित उपचारांवर बंदी घालण्याचे आश्वासन होते, ते खाते ओगॉर्मन यांच्याकडे होते, आणि निवडणूक जाहीर झाली तोपर्यंत सरकारचे विधेयक सभागृहात आलेले नव्हते. मंत्री झाल्या झाल्या त्यांना समलिंगी म्हणून इंटरनेटवर किती घाणेरडी शिवीगाळ सोसावी लागली हे मी पाहिले होते, आणि तरी ते खचले नाहीत याचा मला आदर आहे. आमच्या दारावर आलेल्या प्रत्येक प्रचारकाला मी त्या विधेयकाबद्दल विचारले. जिने ते कुठे अडले आणि आपला पक्ष पुढे काय करणार हे मला सविस्तर सांगितले, ती दुसऱ्या पक्षाची होती. तिच्या उमेदवाराला मी पहिली पसंती दिली आणि ओगॉर्मन यांना दुसरी.